अंगावर ठेवलेला प्रश्न

पुस्तक शेवटाकडून वाचायचं, हे प्रबंधाचे मार्गदर्शक मोहोड सरांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. "आधी निष्कर्ष वाच. मग प्रस्तावना. मग प्रकरणांची नावं. एवढं करून पुस्तक आपल्या कामाचं वाटलं, तरच आत शिर. आणि शिरताना हातात प्रश्न पाहिजे. बिनप्रश्नाचा वाचणारा म्हणजे जत्रेत हरवलेलं पोट्टं. सगळं पाहतं आणि घरी कसं जायचं तेच विसरतं." सर हे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला याच शब्दांत सांगत आणि 'पोट्टं' आलं की स्वतःच हसत.

वृषाली गावंडेला ते काही जमायचं नाही. ती जत्रेतलंच पोट्टं होती. संदर्भ शोधायला म्हणून जुना अहवाल उघडायची आणि त्यात कोणा अधिकाऱ्याने डासांबद्दल केलेली कुरकुर वाचत बसायची. भेळ खाऊन झाली की कागदावरची अर्धी बातमी वाचायची आणि फाटून गेलेल्या अर्ध्या बातमीसाठी हळहळायची. असल्या बाईने पीएच.डी.च्या वाटेला जाऊ नये खरं तर. पण अमरावतीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवता शिकवता पस्तिशी उलटून गेली होती. कायम नोकरीची एकच जागा निघणार होती आणि पदवीशिवाय तिथे कोणी दारात उभं करणार नव्हतं. प्रबंधाला दोनदा मुदतवाढ मिळाली होती. तिसरी मिळत नसते.

विषय मात्र तिच्या मनाचा होता. मुक्कामी गाडी. बसगाड्या माणसं चालवत तेव्हाची गोष्ट. शेवटची गाडी रात्री आडगावात जाऊन तिथेच थांबायची, चालक-वाहक गावात कुठे तरी अंग टाकायचे, आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघायची. त्या पहाटेच्या गाडीमुळे गावातल्या मुलींच्या शिक्षणात काय फरक पडला, हा वृषालीचा प्रश्न. तिचे वडील देविदास गावंडे परतवाड्याकडे चालक होते. निवृत्तीपर्यंत त्यांनी असे मुक्काम किती केले, त्याला गणती नव्हती. म्हणजे प्रश्न घरातलाच होता. तो पाचशे पानांत बसवायचा कसा, एवढंच अडलं होतं.

मग चाळणी आली.

यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं. विद्यापीठात सगळे चाळणीच म्हणत. त्यामागचं विज्ञान सांगायला कठीण नाही. वाचताना आपले डोळे ओळीवरून सरळ सरकत नाहीत, उड्या मारत जातात. मधूनच एखादी उडी मागे मारतात, 'काय म्हणाला हा?' असं म्हणत. या धावपळीत काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे ठरवण्यात मेंदूच्या देठातल्या एका निळसर ठिपक्याचा मोठा हात असतो. तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका. समोर महत्त्वाचं काही आलं की तो रसायनाचा शिडकावा करतो. शिडकावा झाला तर ती गोष्ट मनाला लागते, तिची आठवण बनते. नाही झाला तर आली तशी जाते. आपला हा ठिपका मोठा उनाड. आपण कपाशीवरचा प्रबंध वाचत असलो तरी शेजारच्या घरातल्या फोडणीलाही तो शिडकावा देऊन टाकतो.

चाळणी म्हणजे कपाळाला बांधायची पट्टी. आधी आपला संशोधनाचा प्रश्न तिला द्यायचा. मग ती पडद्यावर वाक्यं दाखवते आणि आपण हे कामाचं, हे बिनकामाचं, असं निवडत जायचं. तेवढ्यात ती आपल्या ठिपक्याची चाल शिकून घेते आणि कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींनी त्याला त्या एका प्रश्नाशी बांधून टाकते. त्यानंतर पट्टी काढून ठेवली तरी चालतं, ठिपका बांधलेला राहतो. प्रश्नाशी नातं असलेलं वाक्य आलं की लख्ख होऊन मनात बसतं. बाकीचं समजतं, पण टिकत नाही.

संध्याकाळी ग्रंथालयात घंटा झाली की प्रत्येकाने प्रश्न उतरवायचा, असा नियम होता. म्हणजे पुन्हा पट्टी बांधून बराच वेळ बिनकामाचं वाचायचं. त्यासाठी एका टेबलावर जुनी वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, राशिभविष्यं आणि केशतेलाच्या जाहिराती यांचा ढीग घातलेला असे. मोठमोठे संशोधक तिथे बसून मिथुन राशीला प्रवासयोग आहे का ते वाचत, आणि हळूहळू ठिपक्याची गाठ सुटत जाई.

वृषालीच्या शेजारी फिरदौस बसायची. तिचा प्रबंध मेळघाटातल्या मधावर होता. एकदा घंटा झाली तरी ती उठली नाही.

"उतरवत नाहीस?" वृषालीने विचारलं.

"रोज चढवा, रोज उतरवा, यातच अर्धा दिवस जातो. अंगावर राहू दे की. रात्रीतून आराखडा आपोआप लागतो. सकाळी उठलं की प्रकरणं ओळीने उभी."

"आणि जे गळून जातं ते?"

"जातं कुठे? पीठ चाळल्यावर कोंडा खाली पडतो ना, तसा पडून असतो. उतरवला की सगळं आठवतं. मला आठवलं बाई."

फिरदौसने प्रश्न एक रात्र अंगावर ठेवला होता. दुसऱ्या दिवशी उतरवल्यावर तिला आदल्या दिवशीची भाजी आठवली आणि भावाशी झालेलं भांडण आठवलं. एवढ्यावरून ग्रंथालयभर सिद्धान्त पसरला. संशोधकच ते, पण आपल्या सोयीचं असलं की त्यांनाही एका उदाहरणावर भागतं. प्रश्न एका दिवसाहून जास्त ठेवू नये, असं यंत्रासोबतच्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं. पण ती अक्षरं कोणाच्याच प्रश्नात बसत नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत वृषालीने प्रश्न चढवला आणि उतरवलाच नाही.

काम असं पळायला लागलं की मोहोड सरांनी चष्मा काढून पानं पाहिली. तिने भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावून प्रकरणांची जुळवाजुळव करायचा खटाटोप मांडला होता, तो तिने काढून टाकला. गरजच उरली नाही. सहा प्रकरणं डोक्यात उभी होती. कुठला संदर्भ कुठल्या परिच्छेदात जाणार आणि कुठला मुद्दा कुठल्या मुद्द्याला टेकणार, ते डोळे मिटूनही दिसायचं. पुस्तकंच्या पुस्तकं ती दुपारभरात वाचून टाकायची.

माणसंही ती तशीच वाचू लागली. कोणी बोलायला लागलं की पहिलं वाक्य ऐकायचं, शेवटचं ऐकायचं, मधलं सोडून द्यायचं. कामं अडत नव्हती. मावसबहिणीच्या लग्नाला ती गेली, पंगतीत वाढलं, फोटोत उभी राहिली. परत आल्यावर तिच्याजवळ एकच गोष्ट होती: नवरीची एक आत्या मुक्कामी गाडीने जाऊन बारावी झाली होती. नवरा कसा होता, आठवत नव्हतं. एक विद्यार्थिनी तिच्यासमोर बसून रडली. का रडली ते वृषालीला त्या क्षणी नीट समजलं, तिने पाणी दिलं, योग्य ते बोलली, आणि मुलगी दाराबाहेर गेल्यावर खोली पुन्हा रिकामी झाली. दुःख नव्हतं. सुखही नव्हतं. आणि काम होत होतं, त्यामुळे याला तक्रार म्हणावं, असंही तिला वाटलं नाही.

होळी झाल्यावर आईचा फोन आला. आईचं नाव बेबी. गावंडेंच्या घरात आणि गल्लीत ती बेबीताई.

"वृषाली, बाबाले घरी आनलं वं. डॉक्टरनं हात टेकले. म्हने, आता घरीच राहू द्या."

"बरं," वृषाली म्हणाली.

"बरं काय वं? काळीज हाय का नाही तुले? आयक. त्याहिले तुह्याशी बोलाचं हाय. मले काही तरी सांगाचं राह्यलं हाय म्हनतात, जन्माचं. पन मह्यासमोर तोंड उघडत नाही. मी म्हटलं, अवो आता तरी सांगा. तं म्हने, वृषालीले बलाव. तिच्यापाशी सांगून ठेवतो. ती तुले सांगन, माह्या माघारी."

"माघारी म्हणजे?"

"माघारी म्हंजे माघारी! समजते ना तुले सारं?"

समजत होतं. बाबा जाणार होते, आईला सांगायचं काही त्यांच्या मनात अडकून होतं, आणि ते पोचवायचं काम तिच्यावर आलं होतं. फोन ठेवल्यावर तिने ते मोबाइलमध्ये टिपून ठेवलं, नाही तर संध्याकाळपर्यंत राहिलं नसतं. कोणी तरी जवळचं माणूस जाणार म्हटल्यावर छातीत काय होतं, ते तिला माहीत होतं. आजीच्या वेळी झालं होतं. ते आत्ता होत नाही, हेही तिला माहीत होतं.

ती मोहोड सरांच्या केबिनमध्ये गेली.

"चढवलेला कधीचा आहे?" सरांनी विचारलं.

"दिवाळीपासून."

सर बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. "आता एका संध्याकाळीत नाही उतरायचा तो. आठवडे लागतील. आणि उतरवला की आराखडा गेला, वृषाली. सगळा विस्कटणार. शेवटची दोन प्रकरणं लिहायची आहेत तुझी. एप्रिलअखेर प्रबंध द्यायचाय."

"आणि न उतरवता गेले तर?"

"तर तू जाशील तिथे. बसशील त्यांच्याजवळ." सरांनी टोपण टेबलावर ठेवलं. "माझी आई गेली तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होतो. तेव्हा चाळणी-बिळणी काही नव्हती. तरी मला तो दिवस काही आठवत नाही बघ. मी काय सांगू तुला? तू ठरव."

वृषालीने ठरवलं, तेही मोहोड सर शिकवतात तसंच. एका बाजूला प्रबंध, नोकरी, मुदत. दुसऱ्या बाजूला बाबांचं बोलणं. कोंडा खाली पडून राहतो, हे गृहीत धरलं तर दुसऱ्या बाजूचं नुकसान शून्य. आज ऐकायचं, मे महिन्यात प्रश्न उतरवायचा, तेव्हा सगळं आठवेल आणि रडूही तेव्हाच येईल. दुःखाचा मुद्दा बाजूला ठेवून विचार करायचा, असं तिने ठरवलं होतं. ते काही अवघड गेलं नाही, तो बाजूलाच होता.

परतवाड्याच्या घरी बाबांची खाट समोरच्या खोलीत टाकली होती. माणूस चादरीखाली दिसतच नव्हता, नुसते हात दिसत होते. वृषालीला पाहिल्यावर त्यांनी आईला बाहेर जायची खूण केली. वृषालीने मोबाइल उशाशी ठेवला, बोलणं नोंदवून घेण्यासाठी.

"तो डबा बाहेर ठिवून ये," बाबा म्हणाले. "मी तुह्याशी बोलून राहिलो, डब्याशी नाही."

तिने ठेवला. दार लावलं. बाबा बोलायला लागले.

काय बोलले ते इथे लिहिता आलं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. वृषाली शेजारी स्टुलावर बसली होती आणि एक एक वाक्य तिला समजत होतं. पुढचं आलं की मागचं नसायचं. चालत्या गाडीच्या खिडकीतून झाडं जातात तशी वाक्यं जात होती. बाबा एका ठिकाणी अडले, पाणी मागितलं, पुन्हा बोलले. त्यांचे डोळे भरून आले म्हणून तिने टॉवेलने पुसले. माणूस रडलं की पुसायचं असतं, म्हणून पुसले. त्यांनी तिचा हात धरला तेव्हा तिला हात गरम लागला. एवढंच. अरे, बाप रडतोय समोर! पण कोणी कोणाला ओरडून सांगायचं? खोलीत ती दोघंच होती, आणि तिच्यातली जी उठून बाबांच्या गळ्यात पडली असती, ती दिवाळीपासून बांधलेली होती.

मग बोलता बोलता बाबा वळले आपल्या गाडीकडे.

"रात्री गाडी पिंपळखुट्याले लावली का मी टपावर झोपाचो, गार वाऱ्यात. पहाटे हॉर्न देल्ला का पोट्ट्या दप्तर घेऊन पळत येत. एक डाव मी मुद्दाम हॉर्न देल्लाच नाही. म्हटलं पाहू, येतात का. तं इंजिनच्या आवाजावर आल्या! अंधारात, एकमेकीचा हात धरून."

वृषाली ताठ बसली. खोलीत दिवा लागावा तसं झालं. टप, गार वारा, अंधार, हातात हात, सगळं एकदम आत शिरलं.

"किती मुली होत्या बाबा? कितव्या वर्गातल्या? साल कोणतं?"

बाबांचा चेहरा खुलला. इतका वेळ भिंतीशी बोलल्यासारखं बोलत होते, आता पोरगी पुढे झुकून विचारत होती. त्यांनी आठवून आठवून सांगितलं. एकीचा बाप तिला मारायचा म्हणून ती रात्रीच येऊन गाडीत झोपायची. एक पुढे नर्स झाली आणि तिने त्यांना मोर्शीच्या दवाखान्यात ओळखलं. वृषाली विचारत गेली, बाबा सांगत गेले. धाप लागली तरी थांबेनात.

"मंग, मी काय सांगत होतो..." म्हणाले, आणि पुन्हा आपल्या मूळ गोष्टीकडे गेले. वृषालीच्या चेहऱ्यावरचा उजेड अजून गेला नव्हता. त्या चेहऱ्याकडे पाहत ते बोलत राहिले.

असं चार दुपारी झालं. चौथ्या दुपारी त्यांनी विचारलं, "आयकलं ना माय, पुरं?"

"हो बाबा."

"तुह्या मायले सांगजो. मह्याच्यानं नाही झालं." त्यांनी डोळे मिटले. "आता मोकळा झालो."

वृषालीने मोबाइल घेतला आणि अंगणात बसून दुपारचं जे उरलं होतं ते पटापट टिपून घेतलं. पिंपळखुट्याच्या मुलींबद्दल बरीच पानं झाली.

ती अमरावतीला परतली आणि एप्रिलच्या सुरुवातीला बाबा गेले. फोन आला तेव्हा ती पाचव्या प्रकरणात होती. वाक्य पूर्ण करून निघाली. घरी सगळं सांगतील तसं केलं. बायका म्हणाल्या, "पोरगी धीराची हाय." एक जण म्हणाली, "धीराची कायची, दगडाची हाय." दोन्ही तिने ऐकलं. आई तिच्याकडे अधूनमधून पाहायची, पण काही विचारायची नाही. निघताना फक्त म्हणाली, "तुहं ते लिहिनं होऊ दे आंधी. त्याहिले मोठी हौस होती. मंग बसू आपन निवांत."

प्रबंध वेळेत गेला. चौथ्या प्रकरणात एक नवा उपविभाग होता, आणि त्याखाली: 'देविदास गावंडे, निवृत्त चालक, परतवाडा, मुलाखत.' बहिःस्थ परीक्षकांनी पुढे त्या उपविभागाचं खास कौतुक केलं, प्रत्यक्ष आवाज म्हणून.

मे महिन्यात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत प्रश्न उतरवायला सुरुवात झाली. तिथल्या तंत्रज्ञ राऊत मॅडम रोज पट्टी बांधायच्या आणि पुढ्यात बिनकामाचं वाचायला द्यायच्या. पहिले कित्येक दिवस काहीच झालं नाही. मग एका दुपारी 'वधू पाहिजे'च्या जाहिरातीत 'मुलगा निर्व्यसनी, फक्त सुपारी' असं वाचून वृषालीला हसू फुटलं. राऊत मॅडमनी टाळी वाजवली. "सुटायला लागली गाठ!"

खरंच सुटत होती. चहात साखर जास्त झालेली कळायला लागली. रिक्षावाल्याचा राग आला. एकदा बसस्टँडवर एक म्हातारा चष्म्याच्या काडीला दोरा बांधत होता, त्याच्याकडे पाहता पाहता तिची गाडी चुकली. वृषाली मनात म्हणाली, आता येणार. घरी आल्यावर ती पंखा बंद करून खाटेवर बसायची आणि त्या दुपारींची वाट पाहायची. पिंपळखुटं यायचं. टप यायचा, नर्स यायची. त्याच्या आधी आणि नंतर बाबांचे ओठ हलताना दिसायचे, आवाज नसायचा. मग ओठही नाहीसे व्हायचे.

"मॅडम, बाकीचं कधी आठवेल?" तिने शेवटी विचारलं.

"बाकीचं म्हणजे?"

वृषालीने सांगितलं. राऊत मॅडम हातातलं काम सोडून समोर येऊन बसल्या.

"अहो, कोण म्हणालं तुम्हाला कोंडा साठतो म्हणून? एक दिवस ठेवला तर गाठ सैल असते, थोडं काही आत पडतं, ते सापडतं. तुम्ही महिनेच्या महिने ठेवलात. शिडकावाच झाला नाही तर आठवण बनणार कशी? हरवलेलं शोधता येतं हो. हे हरवलेलं नाही, हे मुळात ठेवलंच गेलं नाही." मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्या खोलीत आणखी कोणी नव्हतं का?"

कोणी नव्हतं. बाबांनी सगळ्यांना बाहेर काढलं होतं. त्या दिवशी वृषाली रडली, पण त्या रडण्याने तिला जराही बरं वाटलं नाही. आपण कशासाठी रडतोय, तेच तिच्याजवळ नव्हतं.

जूनमध्ये ती परतवाड्याला गेली. आई अंगणाकडच्या दारात बसून चिंचा फोडत होती. वृषाली शेजारी बसली आणि चिंचोके वेगळे करू लागली.

"झालं तुहं सारं?" आईने विचारलं.

"झालं."

"मंग सांग आता." आईने पदराने हात पुसले आणि मांडी नीट घालून बसली, कथेला बसल्यासारखी. "मी नाही इचारलं इतके दिवस. म्हटलं पोरीचं डोकं कामात हाय. पन रोज वाटे वं. भाकर थापता थापता वाटे, काय असन? काय सांगाचं होतं त्याहिले, जे मले चाळीस वर्सात नाही सांगता आलं?"

खरं सांगायचं, हे वृषाली बसमधून येताना पक्कं ठरवून आली होती. पण आईच्या तोंडावर असे काही भाव होते की तिला ते जमेना. आता तिला सगळं लागत होतं ना. आईची वाट पाहणारी मान लागत होती, चिंचेने काळपट झालेली बोटं लागत होती.

"ते म्हणाले," ती म्हणाली, "बेबीला सांग, तिने माझ्यापायी फार सोसलं. मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, पण मनात होतं. बेबीला म्हणावं, माझं काही चुकलं असेल तर..."

"थांब," आई म्हणाली. "बेबीले सांग म्हने?"

"हो."

आई तिच्याकडे पाहत राहिली. रागाने नव्हे. पाहतच राहिली.

"मले बेबी ते कधीच नाही म्हनत होते. चारचौघात वृषालीची माय. आन दोघंच असलो का एका नावानं बलावत. थे नाव मह्या मायलेबी माहीत नोतं. चार दुपारी ते मह्याबद्दल बोलले असन, तं त्या नावाबिगर बोललेच नसन." तिने चिंच उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "तुले माहीत नाही थे नाव?"

वृषालीने नाही म्हणून मान हलवली. मग तिने सगळं सांगितलं. पट्टी, ठिपका, दिवाळी, एप्रिलअखेर. सांगताना ती रडत होती आणि आईला त्यातलं कितीसं कळत होतं कोण जाणे.

"म्हंजे इसरली तू," आई म्हणाली.

"विसरले नाही गं आई. माझ्यापर्यंत आलंच नाही."

"पन मी पाह्यलं होतं न, दाराच्या फटीतून. बोलनं नाही आयकू आलं. तू पुढं वाकून वाकून आयकून राहिली होती. त्याहिले सवाल करून राहिली होती." आईचा आवाज चढला नाही. "रात्री जेवले का मले म्हनत, पोरगी गंज मन लावून आयकते वं, मधी मधी इचारते बी. शेवटचे दिवस खुश होते ते. म्हने, सारं सांगून झालं."

वृषालीने आईच्या हातावर हात ठेवला. आईने तो काढला नाही, धरलाही नाही. बाहेर पोस्टातली बाई शेजारच्या घरी काही तरी देऊन गेली, कुत्रं भुंकलं आणि गप्प झालं. आई चिंचोक्यांच्या ढिगाकडे पाहत होती.

"मंग आता," ती म्हणाली, "मी कोनाले इचारू?"